एकसष्ट पावलांवरची ताई

रेघकाकांच्या घरी कुणी पहिल्यांदा आलं, की चहाच्या आधी त्याला पाटी बघावी लागे. पाटी बैठकीच्या खोलीत, दारातून आत शिरताच नाकासमोर. पांढऱ्या रंगाची लाकडी फळी आणि तिच्यावर काळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं: 'चौतीस वर्षं, एकही चूक नाही'. नगररचना खात्यातून काका निवृत्त झाले, तेव्हा सहकाऱ्यांनी ती दिली होती. सहकारी खट्याळ होते आणि पाटीत बरीचशी थट्टा होती, पण काकांनी ती शब्दशः घेतली. पाहुण्याचं लक्ष गेलं नाही तर काका खाकरत. तरीही गेलं नाही तर पाटीवरचा दिवा लावत, मग भर दुपार का असेना.

काका आरेखक, म्हणजे शहराचे नकाशे हातानं काढणारे. काळी शाई, ट्रेसिंग पेपर, उतरतं टेबल आणि आयुष्यभर वाकलेली मान. रेघ मात्र कधी वाकली नाही, म्हणून ऑफिसनं त्यांचं नाव रेघकाका ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की पगाराच्या दिवशी खरं नाव पुकारलं तर काका बाजूला सरून दुसऱ्याला वाट देत. त्यांची कामाची एक शिस्त होती. आज टेबलावर आलेला कागद आजच उठला पाहिजे, उद्यावर काही नाही. आणि पाच वाजता ऑफिस सोडलं पाहिजे, कारण साडेपाचला ताईकडे चहा.

ताई म्हणजे काकांची सहा वर्षांनी मोठी बहीण. शिवणकाम तिचा धंदा, आणि जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार. नवरा लवकर गेला, मुलगा दूरच्या शहरात नोकरीला. जुन्या गावठाणात, एकाच गल्लीत, ताईचं घर काकांच्या घरापासून तीन दारं सोडून होतं. रोज साडेपाचला काका, काकू आणि ताई अशी तिघं चहाला बसत आणि मग पत्त्यांचा डाव मांडत. डाव तिघांचाच. चौथा आला तर त्याला चहा मिळे, पत्ते मिळत नसत. बत्तीस वर्षांत हा डाव फार तर दहा वेळा चुकला असेल, आणि त्यातल्या सात वेळा ताई रुसली होती म्हणून.

काका नोकरीला लागले तेव्हा अख्खं शहर चार शीटांवर मावत होतं. गल्ली गल्लीला मिळे, बोळ बोळाला मिळे, आणि जिथं मिळत तिथं चौक. काकांनी एका पावसाळ्यात रिकामा वेळ होता म्हणून ते चौक मोजले, दोनशे अकरा भरले. अशा गावात कुणाशी भांडण झालं तर त्याचं दार टाळून जायला तीन वाटा असत, आणि समेट झाला तर परत यायला चौथी. मग शहर वाढायला लागलं. आधी शेतं गेली, मग माळ गेला, मग कालव्यापलीकडची जमीन गेली. चार शीटांची दहा झाली, दहाची तीस, आणि काका निवृत्त झाले तेव्हा कपाटात त्रेसष्ट शीटं होती.

पण नव्या शीटांत चौक काही वाढेनात. एक हमरस्ता, त्याला चिकटून एकेक वसाहत, वसाहतीला एकच फाटक, आणि आत गेलेले रस्ते चार वळणं घेऊन भिंतीला नाक लावून थांबलेले. विकणारे याला शांतता म्हणत आणि घेणारे त्या शांततेचे जास्तीचे पैसे देत. काकांना खरं सांगायचं तर ते रस्ते आवडत. बंद टोकाचा रस्ता काढायला फार सोपा असतो, पुढे कुणाशी जुळवून घ्यावा लागत नाही. आपण काढतोय त्या रस्त्यावरून पुढे कुणीतरी चालणार आहे, हे टेबलावर बसलेल्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही.

निवृत्तीच्या वर्षीच जुन्या गल्लीतल्या घरमालकानं सगळी चाळ पाडून नवी इमारत बांधायचं ठरवलं. सगळ्यांनाच घरं शोधणं आलं. काकू म्हणाल्या, दलालाला विचारू. काका हसले. चौतीस वर्षं शहर ज्याच्या हाताखालून गेलं, त्यानं दलालाला विचारायचं म्हणजे स्वयंपाक्यानं शेजारी जाऊन मीठ कुठं ठेवलंय ते विचारायचं. त्यांनी शीट सेहेचाळीस काढलं, त्याला शीट सत्तेचाळीस जोडून लावलं, आणि बोट ठेवलं. सेहेचाळीसवर टेकडीकडच्या वसाहतीतला एक रस्ता, त्याच्या टोकाला शेवटचं घर, हे आपलं. सत्तेचाळीसवर कालव्याकडच्या वसाहतीतला एक रस्ता, त्याच्याही टोकाचं घर, ते ताईचं. दोन्ही रस्ते नाकासमोर एका रेषेत. काकांनी पट्टी लावली. दारापासून दारापर्यंत एकशे चाळीस फूट, म्हणजे त्यांची एकसष्ट पावलं.

"ताई, तुझ्या दारात शिंकलीस तर माझ्या दारात ऐकू येईल," ते म्हणाले.

"आणि मधे ही जाड रेघ कसली रे, बाळ्या?" ताईनं विचारलं. बाळ्या म्हणजे अठ्ठावन्न वर्षांचे काका.

"ती शीटाची कड. दोन शीटं जुळतात ना, तिथं येते. तुला नाही कळायचं."

ताईला खरंच कळत नव्हतं. पैसे भरले गेले, शीट समोर असताना जागा आधी बघायची गरज काकांना वाटली नाही, सामान उतरवायच्या गडबडीत रस्त्याच्या टोकाकडं कुणी पाहिलं नाही, आणि पहिल्या संध्याकाळी सव्वापाच वाजता काका नवी चप्पल घालून ताईकडे चहाला निघाले. रस्त्याच्या टोकाशी पोचले आणि उभेच राहिले. शीटाची कड आठ फूट उंच होती, विटांची होती, आणि तिच्यावर काचा लावलेल्या होत्या.

अशी चूक गवंडी करणार नाही, दूधवाला करणार नाही, शाळकरी पोरसुद्धा करणार नाही. त्यासाठी चौतीस वर्षं शीटं जुळवलेली असावी लागतात. भिंतीपलीकडून शिंक मात्र खरोखरच ऐकू आली, आणि मागोमाग ताईचा आवाज आला, "काय रे, कडेवर चढून येतोस का?"

रस्त्यानं जायचं तर असं. आपल्या रस्त्यावरून मागं फिरायचं, वसाहतीची चार वळणं घ्यायची, फाटकातून हमरस्त्यावर यायचं, दीड किलोमीटर उलट्या दिशेला जाऊन पुलाखालून वळायचं, मग परत येऊन कालव्याकडच्या फाटकाशी वहीत नाव लिहायचं, आणि आतली पाच वळणं घेऊन ताईच्या दारात. तीन किलोमीटर आणि आठशे मीटर. सगळ्या वसाहतींची सगळी फाटकं त्या एकाच हमरस्त्यावर उघडत, त्यामुळं संध्याकाळी साडेपाचला तिथं गाड्यांची अशी दाटी असे की रिक्षाला पाऊण तास लागे. दूध आणायलासुद्धा लोक गाडी काढत, आणि मग गाड्या फार झाल्या म्हणून कुरकुरत.

पहिले काही महिने तिघांनी तडजोडी करून पाहिल्या. काकूंनी कपडे वाळत घालायच्या काठीला पिशवी बांधून भिंतीवरून थर्मास पलीकडे पोचवला. दुसऱ्या दिवशी थर्मास काचांवर आपटून फुटला आणि तो प्रयोग संपला. मग पत्ते फोनवर सुरू झाले. दोन्हीकडं एकेक जोड, वाटप काकांनी करायचं आणि ताईला तिची पानं फोनवर सांगायची, असं ठरलं. पण मग काकांना ताईची पानं कळत. म्हणून ताईनं आपली पानं आपणच काढायची असं ठरलं, आणि त्यानंतर ताई सलग एकोणीस डाव जिंकली.

"ताईंना राजा आला नाही असा एक डाव झालेला नाही," काकू फोनवर हात ठेवून म्हणाल्या. "आणि काल आपल्या दोघांच्या हातात मिळून तीन राजे होते, तरी त्यांना दोन आले."

ताई आधी आठवड्यातून तीनदा रिक्षानं यायची, मग एकदा, मग गुडघे कुरकुरायला लागले आणि यायचीच बंद झाली. काका जात, पण पाऊण तास जायला आणि पाऊण तास यायला, त्यात डाव कसला रंगणार. एके दिवशी साडेपाचला ताईनं फोन उचलला नाही. काकांनी भिंतीशी जाऊन हाका मारल्या. घरात रेडिओ चालू होता, ताई ओ देत नव्हती. ते रिक्षात बसले, पुलाखाली अडकले, उतरून चालत सुटले, आणि फाटकाशी पहारेकऱ्यानं वही पुढं केली. 'भेटीचं कारण' या रकान्यात काय लिहावं ते काकांना सुचेना. घामानं निथळत ते पोचले तेव्हा ताई खुर्चीत गाढ झोपली होती, मांडीवर अर्धवट काज केलेला सदरा.

"माझं ऐक," चहा झाल्यावर ताई म्हणाली. "मुलगा कधीचा बोलावतोय. इथं मी एकटी, तिथंही एकटीच असेन, पण निदान हाकेच्या अंतरावर माणूस असेल. चार महिन्यांनंतरच्या तीस तारखेला तो न्यायला येतोय. अजून वेळ आहे."

हाकेच्या अंतरावर तर काकाच होते. परत येताना पुलाखाली रिक्षा थांबली असताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी ते धुळीवर ढकललं.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात हजर झाले. त्यांच्या उतरत्या टेबलाच्या जागी आता कॉम्प्युटर होता आणि त्यामागं एक तरुण इंजिनिअर मुलगी. तिनं खुर्ची दिली, ऐकून घेतलं, आणि पडद्यावर सगळं शहर आणलं. दोन ठिकाणांमध्ये जायला जितक्या जास्त वाटा, तितका रंग गडद, असं तिनं केलेलं होतं. मधलं जुनं गावठाण गडद निळं, जाळ्यासारखं विणलेलं. बाहेर जावं तसा रंग फिकट होत गेला होता, आणि कडेच्या वसाहती तर एकेका धाग्यावर लोंबत होत्या.

"काका, शहर वाढलं हे खरं, पण विणलं गेलं नाही," ती म्हणाली. "तुमच्या दोन वसाहतींमध्ये मूळ आराखड्यात रस्ता असेल तर भिंत उठू शकते. नसेल तर काही करता येणार नाही."

तिनं गटारांचा नकाशा काढला. त्यावर रस्ता होता. टेकडीकडून कालव्याकडं सरळ, भिंत नाही, काही नाही, आणि त्याखालून सांडपाण्याचा नळ गेलेला. म्हणजे काकांच्या घरचं सांडपाणी गेलं वर्षभर दररोज ताईच्या दारावरून जात होतं. फक्त काकांनाच मनाई होती.

मग कपाटातून अस्सल शीट सेहेचाळीस निघालं. तिथं रस्ता नव्हता, जाड रेघ होती. सोबतच्या फायलीत एकोणीस वर्षांपूर्वीचा वसाहत बांधणाऱ्याचा अर्ज सापडला, 'बाहेरची रहदारी नको, रस्ता बंद करून मिळावा'. त्यावर साहेबांचा शेरा होता, 'तपासून सादर करा'. त्यापुढं कोरं पान. मंजुरी कधी मिळालीच नव्हती.

"म्हणजे हुकूम नसताना कुणीतरी नकाशावरचा रस्ता खोडला," मुलगी म्हणाली. "आणि त्या नकाशाप्रमाणं भिंत बांधली गेली. कुणी खोडला ते कळलं तर काम सोपं आहे. त्या आरेखकाचा लेखी जबाब घ्यायचा आणि नकाशा दुरुस्त करायचा. नाही कळलं तर चौकशी समिती बसते. ती बसली की दोन वर्षं उठत नाही."

काकांनी शीट उजेडाकडं धरलं. ट्रेसिंग पेपरवरची शाई रबरानं जात नाही, ब्लेडनं हलक्या हातानं खरवडावी लागते. खरवडल्यावर कागद खडबडीत राहतो, त्यावर पुन्हा रेघ मारली तर शाई फुटते. म्हणून सगळ्या ऑफिसात एकटाच माणूस असा होता, की तो खरवडल्यावर ती जागा अंगठ्याच्या नखानं घासून गुळगुळीत करायचा. जाड रेघेच्या दोन्ही बाजूंना कागद नखानं घासून चकचकीत झालेला होता.

त्यांना तो दिवसही आठवला. शुक्रवार होता, पाचला पाच कमी असताना फाईल आली होती. साहेब कधी ना कधी हो म्हणणारच, मग उद्यावर कशाला, असं म्हणून त्यांनी दहा मिनिटांत रस्ता उडवला आणि छत्री घेऊन निघाले. साडेपाचला ताईकडं चहा होता. गटारांच्या शीटावरचा रस्ता खोडायचा राहून गेला, तो सोमवारी लक्षातच राहिला नाही.

"ओळखता येतंय का काका, कुणाचा हात आहे?" मुलीनं विचारलं.

"चष्मा घरी राहिला," काका म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकावर होता. मुलगी बघून न बघितल्यासारखं करून कॉम्प्युटरकडं वळली.

पुढचे आठ दिवस काकांनी फार वाईट काढले. चहा गार होई, फोनवरच्या डावात ते चुकीची पानं टाकत, आणि ताई त्यांना लबाडी न करताही हरवू लागली. काकू दोन-तीनदा विचारून थकल्या. येता-जाता पाटी समोर येई. दिवा लावायचा त्यांनी सोडून दिला, मग पाहुणे खोलीत आणायचं सोडलं, आणि नवव्या दिवशी पाटी भिंतीकडं तोंड करून उलटी टांगली. तेव्हा मात्र काकूंनी त्यांना समोर बसवलं.

ऐकून झाल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, ही पाटी तुम्हाला चहा करून देते का? मग ताईंना सांगून या."

साडेपाच वाजता काका भिंतीशी गेले. पलीकडं ताई स्टूल टाकून बसलेली होती, हे खोकल्यावरून कळत होतं. त्यांनी सगळं सांगितलं, अगदी शुक्रवारसकट. आता ताईची जीभ सुटणार, म्हणून ते दोन पावलं मागं सरले. भिंतीपलीकडून खुदखुद ऐकू आली.

"बाळ्या, मी नवीन शिकत होते तेव्हा एक झबलं शिवलं. बाह्या सुरेख, शिलाई सुरेख, कॉलरला नक्षी. गळा ठेवायचा विसरले. ती बाई बाळाच्या डोक्यावर धरून ओढतेय आणि बाळ रडतंय. मग मी काय केलं? समिती बसवली? कात्री घेतली आणि गळा कापला. कात्री तुझ्या हातात आहे."

"चौतीस वर्षं, ताई," काका म्हणाले.

"चौतीस वर्षांत मी किती झबली बिघडवली ते विचारू नकोस. मी पाटी लावली नाही, एवढंच."

दुसऱ्या दिवशी काकांनी जबाब लिहिला. सुरेख अक्षरात, समास सोडून. 'शीट क्रमांक सेहेचाळीसवरील रस्ता मी, हुकूम नसताना, घरी जायच्या घाईत खोडला.' मुलीनं वाचलं, आणि शिक्का मारायच्या आधी उठून त्यांच्यासाठी चहा मागवला.

रस्ता म्हटल्यावर वसाहतीची सभा आलीच. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, तिजोरी सांभाळून सांभाळून त्यांना सगळं जगच तिजोरी वाटे. भिंत गेली तर कोणीही येईल, चोर येतील, असं ते पाऊण तास सांगत राहिले. मग काका उठले. सभेत बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते टेबलाकडं बघून बोलले.

"चोराला भिंत चढता येते. माझ्या बहिणीला येत नाही. एवढाच फरक पडतो त्या भिंतीनं."

सभेत कुणीतरी हसलं. मग एका आजीबाईंनी विचारलं की पलीकडं दवाखाना आहे तो किती पावलांवर पडेल, आणि एका बापानं शाळेचं विचारलं, आणि काका पट्टी काढून एकेकाला पावलं सांगत बसले. अध्यक्षांच्या सुनेचं माहेर कालव्याकडच्या वसाहतीत होतं. तिनं सासऱ्यांकडं एकदा पाहिलं, आणि अध्यक्षांनी आपला विरोध नोंदवून मागं घेतला. पायी जाणाऱ्यांपुरता रस्ता, मधे दोन लोखंडी खांब, असं ठरलं. हुकूम मात्र निघता निघेना. या टेबलावरून त्या टेबलावर तो जात राहिला, कारण आजचा कागद आजच उठवणारा माणूस आता त्या ऑफिसात नव्हता.

एकोणतीस तारखेला सकाळी मजूर आले. ताईचं सामान बांधून झालं होतं, शिवणयंत्रसुद्धा खोक्यात गेलं होतं. दिवसभर घण पडत राहिले आणि काका खुर्ची टाकून बसून राहिले. विटा निघत गेल्या तशी आधी कालव्याकडची झाडं दिसली, मग ताईचं छप्पर, मग ताईची खिडकी, आणि खिडकीत ताई.

बरोबर साडेपाचला ती निघाली. काठी टेकत, लुगड्याची कड सावरत, विटांच्या चुऱ्यातून सावकाश. काका दारात उभे होते, पुढं जाऊन हात द्यायला हवा हेसुद्धा त्यांना सुचलं नाही.

"एकसष्ट म्हणाला होतास," उंबऱ्यावर दम खात ताई म्हणाली. "मला ब्याऐंशी पडली."

"तुझी पावलं लहान आहेत," काका म्हणाले.

ताई आत आली आणि सवयीनं मान वर करून पाटीकडं पाहिलं. पाटी पुन्हा सुलट टांगलेली होती, वर दिवा लावलेला होता. 'चौतीस वर्षं, एक' यानंतर थोडी मोकळी जागा, मग 'चूक', आणि पुढं काहीच नाही. ताईनं जवळ जाऊन त्या मोकळ्या जागांवरून बोट फिरवलं. लाकूड अगदी गुळगुळीत लागत होतं.

"इथंही नखानं घासलंस," ती म्हणाली.

मग ती तिच्या नेहमीच्या बाजूला बसली, काठी भिंतीला टेकवली, आणि उद्या मुलगा आला की त्याला चहा द्यायचा, पत्ते नाही, असं काकूंना बजावून सांगितलं. काकूंनी तीन कप मांडले. काका पानं पिसायला लागले आणि पिसता पिसता थांबले, कारण त्यांना समोरचं नीट दिसेना.

"पिस नीट," ताई म्हणाली. "घाई करू नकोस. मी आता कुठं जात नाहीये."

त्या संध्याकाळी ताईला एकही राजा आला नाही.